माझीच फाइल, माझाच कॉम्प्युटर!

वेब टेक्नॉलॉजीचं प्रॅक्टिकल ज्यांनी एकदा तरी केलंय, त्यांना ती लाल ओळ नक्की ठाऊक असणार. पान छान दिसतंय, बटणं जागच्या जागी आहेत, पार्टनरने रंगसुद्धा चार वेळा बदलून झालेत. आता शेजारीच ठेवलेली एक छोटीशी फाइल वाचायची आणि तक्ता भरायचा, एवढंच काम बाकी. डबल क्लिक करून पान उघडावं, तर तक्ता रिकामा! कन्सोलमध्ये लाल अक्षरांत लांबलचक निरोप, आणि त्याचं तात्पर्य एकच: ही फाइल वाचायला तुला मनाई आहे. फाइल माझी, फोल्डर माझं, लॅपटॉप माझा (म्हणजे बाबांच्या पैशांचा), पानही मीच लिहिलेलं. मग हा ब्राउझर कोण टिकोजीराव मला नाही म्हणणारा?

हॉस्टेलवर या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. ज्युनिअर म्हणतात, 'ब्राउझर खराब झालाय, दुसरा टाक.' सीनिअर म्हणतात, 'सिक्युरिटी असते ती. एक फ्लॅग टाक आणि बंद करून टाक.' व्हायवात एक्स्टर्नलने विचारलं तर आपण 'सेम-ओरिजिन पॉलिसी, सर' एवढं म्हणून मोकळे होतो. पण ही पॉलिसी कोणाच्या बाजूची आणि कोणाच्या विरुद्ध, हे व्हायवात कोणी विचारत नाही. मला ते विचारलं माझ्या बाबांनी.

सोलापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. हार्डवेअर म्हणजे मदरबोर्ड नव्हे हो! खिळे, कडी-कोयंडे, कुलपं, पाइप, रंगाचे डबे. गिऱ्हाईक बहुतेक गवंडी, प्लंबर आणि छोटे कॉन्ट्रॅक्टर, त्यामुळे उधारी ही आलीच. ही उधारी बाबा लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहितात. कोणाकडे किती येणं आहे हे त्या वहीशिवाय जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. माझी फी, हॉस्टेलचं भाडं, मेसचं बिल, सगळं शेवटी त्या वहीतूनच येतं. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं आणि वहीची शेवटची पंधरा-वीस पानं भिजली. शाई पसरून कोणाचे अडीच हजार आणि कोणाचे साडेतीन, काही कळेना. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की बाबांना कॉम्प्युटरवर उधारीची वही करून द्यायची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बसून ती केली. ब्राउझरमध्येच चालणारं एक साधं पान.

बाबांच्या अटी मोजक्या होत्या. सगळा हिशोब एकाच फाइलमध्ये पाहिजे, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर पाहिजे आणि रात्री तिची कॉपी पेनड्राइव्हवर घेता आली पाहिजे. 'कुठल्या क्लाउडबिउडवर माझ्या गिऱ्हाइकांची नावं नकोत.' ब्राउझरच्या पोटात स्वतःची साठवण असते, तिच्यातही हिशोब ठेवता आला असता. पण साइटचा डेटा साफ केला की तीही साफ होते. आणि माझा आतेभाऊ दुकानाच्या कॉम्प्युटरवर दर रविवारी सगळी हिस्टरी साफ करतो. का, ते विचारू नका.

शेवटची अट अशी, की पान उघडलं की फाइल आपोआप उघडली पाहिजे. मी म्हटलं, 'बाबा, तेवढं नाही होणार. रोज सकाळी तुम्हालाच एकदा फाइल दाखवून परवानगी द्यावी लागेल.' बाबांनी चष्मा वर केला. 'अगं, कॉम्प्युटर माझा, फाइल माझी, पान माझ्या पोरीनं केलेलं. मग अडवतंय कोण?'

आता याचं उत्तर मराठीत द्यायचं होतं! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठीत बोललं तर एक रुपया दंड असायचा, त्यामुळे घरचं मराठी एकीकडे आणि 'नॉलेज'चं इंग्लिश दुसरीकडे, अशी माझी कायमची फाळणी झालेली. ओरिजिन, सँडबॉक्स, परमिशन असे शब्द बाबांपुढे टाकले असते तर त्यांनी मान डोलावली असती. पण बाबा मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तेव्हा एकेक शब्द सोडवून सांगावा लागला. हा लेख म्हणजे त्या सुट्टीतल्या चार-पाच चहांचा सारांश. मराठी विभागाच्या संपादकांनी शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत ही नम्र विनंती.

पहिली गोष्ट. आपण म्हणतो, 'मी अमुक साइटवर गेले.' खरं तर आपण कुठेच जात नाही, साइटच आपल्याकडे येते. पान म्हणजे नुसता मजकूर आणि चित्रं नव्हेत. त्याच्याबरोबर प्रोग्रॅम येतो आणि तो आपल्या मशीनवर, आपल्या प्रोसेसरवर चालतो. बातम्यांचं एक पान उघडलं की त्याच्यासोबत जाहिरातवाल्यांचे आणि हिशोब ठेवणाऱ्यांचे कितीतरी प्रोग्रॅम येतात, ज्यांची नावंही आपण ऐकलेली नसतात. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण निदान दहा सेकंद विचार करतो. पान उघडताना कोण करतं? म्हणजे दिवसभरात आपण किती अनोळखी माणसांना घरात घेतो याचा पत्ताच नसतो.

हे कधीपासून झालं, तर १९९५ पासून. त्या वर्षी मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. पानात प्रोग्रॅम चालायला लागला आणि लगेच प्रश्न आला, की एका साइटच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या साइटच्या पानात डोकावलं तर? म्हणून नेटस्केप नेव्हिगेटर २ च्याच काळात सेम-ओरिजिन पॉलिसी आली. ओरिजिन म्हणजे तीन गोष्टी: प्रोटोकॉल, होस्टचं नाव आणि पोर्ट. तिन्ही जुळल्या तर दोन पानं एका घरची, नाहीतर परकी. परक्याने परक्याच्या घरातलं वाचायचं नाही. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्या टॅबमध्ये फुकट गाणी, असं आपण बिनधास्त बसतो ते या एका नियमाच्या जिवावर.

आणि आपली हार्ड डिस्क? ती तर कुठल्याच साइटच्या घरची नाही. त्यामुळे पानाला डिस्कवर स्वतःहून जायला दारच ठेवलेलं नाही. नाव माहीत आहे म्हणून फाइल वाचता येत नाही, फोल्डरमध्ये काय काय आहे याची यादीही मागता येत नाही.

इथे बाबा म्हणाले, 'मग तू अ‍ॅडमिशनच्या वेळी मार्कशीट कशी पाठवलीस?'

प्रश्न बरोबर होता, आणि सगळी मजा त्याच्या उत्तरात आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या दोघांनी, नेबेल आणि मॅसिंटर यांनी, आरएफसी १८६७ नावाचा दस्तऐवज लिहिला. फॉर्ममधून फाइल कशी पाठवायची, एवढाच त्याचा विषय. (आपण दुकानात जाऊन 'झेरॉक्स' काढतो तीच ही कंपनी.) सुरक्षेबद्दल त्यात बजावलेलं आहे, की वापरणाऱ्याने स्पष्टपणे सांगितलेली नसेल अशी कुठलीही फाइल ब्राउझरने पाठवता कामा नये. आज 'चूज फाइल' असं जे बटण दिसतं ते त्याचंच. बटण पानावर असतं, पण ते दाबल्यावर उघडणारी खिडकी पानाची नसते. ती ब्राउझरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची असते. तिच्यात तुमची फोल्डरं दिसतात, पण ती तुम्हाला दिसतात, पानाला नाही. तुम्ही एका फाइलवर बोट ठेवता आणि ती एकच फाइल पानाच्या हाती येते. शेजारची येत नाही. पानाच्या प्रोग्रॅमला त्या बटणात आपणहून फाइलचं नाव भरताही येत नाही.

याचा एक गमतीदार पुरावा तुम्ही स्वतः बघू शकता. फाइल निवडल्यावर जावास्क्रिप्टमधून त्या बटणाची किंमत छापा. 'सी' ड्राइव्ह, मग 'फेकपाथ' नावाचं फोल्डर आणि मग फाइलचं नाव, असा पत्ता येतो. लिनक्सवरसुद्धा! असं फोल्डर कुठेच नसतं. पूर्वी काही ब्राउझर खरा पूर्ण पत्ता देत असत. त्यात बऱ्याचदा विंडोजचं युजरनेम असायचं, म्हणजे साइटला फुकटात आपलं नाव कळायचं. पत्ता देणं बंद करावं, तर काही जुन्या साइटी उलट्या तिरप्या रेघेवर तोडून फाइलचं नाव काढायच्या, त्या बंद पडल्या असत्या. म्हणून ब्राउझरवाल्यांनी सरळ खोटा पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि आता तो अधिकृत एचटीएमएल स्टँडर्डमध्ये आहे. स्टँडर्डमध्ये लिहून ठेवलेली थाप मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

एवढं सांगून झाल्यावर बाबा जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवलंय. 'म्हणजे आपल्या गल्ल्यासारखंच की! दुकानातल्या पोराला सुटे आणायला पाठवायचं तर मी त्याला गल्ल्याची किल्ली देतो का? मी शंभराची नोट काढून त्याच्या हातात ठेवतो. पोरगा चांगला आहे. पण गल्ल्यात किती आहे हे त्याला कळायचं कारण नाही.'

माझ्या तीन लेक्चरचा मजकूर बाबांनी पाच वाक्यांत सांगितला. हातात नोट ठेवणं हीच परवानगी. नंतर लायब्ररीत वाचताना कळलं, की आपल्या शास्त्रात हा विचार फार जुना आहे. नॉर्म हार्डी नावाच्या इंजिनिअरने १९८८ मध्ये एक छोटा लेख लिहिला. टिमशेअर कंपनीच्या मशीनवर एक फोरट्रान कंपायलर होता. त्याला आकडेवारीची फाइल लिहिता यावी म्हणून एका खास फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार दिलेला होता. कंपनीच्या बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती. एका वापरणाऱ्याने 'माझी डीबगिंगची माहिती या फाइलमध्ये लिही' म्हणून नेमकं बिलाच्या फाइलचं नाव दिलं. त्याला स्वतःला तिथे लिहायचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. कंपायलरने इमानेइतबारे लिहिलं आणि बिलाची माहिती पुसली गेली. कंपायलरच्या हातात किल्ली होती, पण ती कोणाच्या कामासाठी वापरतोय हे त्याला समजायला मार्ग नव्हता. हार्डीने त्याला गोंधळलेला कारभारी म्हटलं.

आपला ब्राउझर हा असाच कारभारी आहे. माझ्या सगळ्या फाइली वाचण्याचा अधिकार त्याला आहे, कारण तो माझ्या नावाने चालतो. आणि दिवसभर तो अनोळखी पानांची कामं करत असतो. त्याने गोंधळू नये म्हणून ही भिंत. ब्राउझर बाबांना अडवत नाही, तो पानाला अडवतो. बाबा आणि पान यांच्यातला फरक तो जपतो, एवढंच.

भिंत नसली की काय होतं याचे दाखलेही आहेत. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स आणलं. पानाबरोबर आलेला तुकडा 'हो' म्हटलं की साध्या विंडोज प्रोग्रॅमसारखा चालायचा, म्हणजे डिस्क त्याला मोकळी! भरवसा फक्त सहीवर, की हा तुकडा कोणी बनवला. १९९७ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी टीव्हीवर दाखवून दिलं, की असा एक तुकडा क्विकन नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे पाठवण्याचा आदेश गुपचूप घालून ठेवू शकतो. पुढच्या वेळी मालक बँकेशी जोडणी करेल तेव्हा तोही बाकीच्या आदेशांबरोबर निघून जाणार. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण ऐकून बाबा ताठ बसले. मे २००० मधला 'आय लव्ह यू' तर प्रसिद्धच आहे. तो पानातून नव्हे, ईमेलमधून आला. प्रेमपत्र समजून उघडलेल्या त्या स्क्रिप्टला डिस्कवर सगळीकडे मोकळीक होती. लोकांच्या फोटोंच्या फाइलींवर त्याने स्वतःची कॉपी लिहून टाकली. ब्रिटिश पार्लमेंटलासुद्धा ईमेल बंद ठेवावी लागली होती.

भिंत असली तरी तिला भोक पडू शकतं. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात असंच एक सापडलं. रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरची जाहिरात त्यातून शिरून लोकांच्या फाइली शोधत होती. विंडोजवर एफटीपीची खाती, लिनक्सवर एसएसएचच्या किल्ल्या. आपल्यासारख्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्याच घरात जे सापडेल नेमकं ते! मोझिलाने ६ ऑगस्टला दुरुस्त आवृत्ती काढली. जाहिरातीवर क्लिक करायचीही गरज नव्हती, पान उघडणं पुरेसं होतं.

आता आपल्या लाल ओळीकडे. डबल क्लिक करून उघडलेलं पान साइटवरून येत नाही, त्याचा पत्ता 'फाइल'ने सुरू होतो. त्याला होस्ट नाही, पोर्ट नाही. मग त्याचं घर कुठलं धरायचं? क्रोम म्हणतो, अशी प्रत्येक फाइल स्वतंत्र, कोणीच कोणाचं नाही. फायरफॉक्स बरीच वर्षं उदार होता. त्याच फोल्डरमधल्या आणि त्याच्या आतल्या फाइली तो वाचू द्यायचा. जुलै २०१९ मध्ये आवृत्ती ६८ पासून त्यानेही ते बंद केलं. कारण ऐका. अँड्रॉइडवरच्या एका लोकप्रिय मेसेजिंग अ‍ॅपमध्ये आलेल्या फाइलींची नावं ठरावीक पद्धतीने पडत. कोणी एचटीएमएल फाइल पाठवली आणि ती फायरफॉक्समध्ये उघडली, तर ती फाइल त्याच फोल्डरमधली इतरांनी पाठवलेली चित्रं आणि कागदपत्रं नावाचा अंदाज बांधून वाचू शकत होती. आपलं डाउनलोड्स फोल्डर आठवा. आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून कुणीतरी फॉरवर्ड केलेलं काहीतरी. एका फोल्डरमध्ये आहेत म्हणून त्यांना एका घरची कसं म्हणणार?

म्हणून सीनिअर सांगतात तो फ्लॅग मी बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकला नाही. त्याने माझं काम दोन मिनिटांत झालं असतं. पण फ्लॅग माझं पान आणि दुसऱ्याचं पान असा भेद करत नाही. बाबा त्याच ब्राउझरमधून बँक उघडतात, जीएसटी भरतात. एका वहीसाठी दुकानाचं शटर कायमचं वर ठेवण्यासारखं झालं असतं.

ज्यांचं प्रॅक्टिकल उद्या आहे त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. पायथनबरोबर छोटा सर्व्हर येतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमधून त्याची एक कमांड द्या आणि पान लोकलहोस्टच्या पत्त्यावर उघडा. आता पानाला आणि फाइलला एकच ओरिजिन मिळतं आणि तक्ता भरतो. फक्त एक करा, कमांडमध्ये बाइंड करून १२७.०.०.१ हा पत्ता द्या. नाहीतर तो सर्व्हर ते फोल्डर सगळ्या नेटवर्कला वाढून ठेवतो, आणि हॉस्टेलच्या वायफायवर भुकेली माणसं कमी नाहीत.

बाबांच्या वहीला मात्र वाचण्याबरोबर लिहायचंही होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ ने त्यासाठी नवी सोय दिली, फाइल सिस्टिम अ‍ॅक्सेस. आताही खिडकी ब्राउझरचीच आणि बोट आपलंच. पण निवडलेली फाइल पानाला बदलताही येते, आणि लिहिण्याआधी ब्राउझर वेगळं विचारतो. अख्खं फोल्डरही देता येतं. विंडोजचं सिस्टिम फोल्डर निवडलं तर मात्र क्रोम सरळ नकार देतो. फायरफॉक्स आणि सफारीने हे दार उघडलेलं नाही. ते पानाला फक्त एक खासगी कोपरा देतात, जिथे आपल्या फाइली नसतात.

ते घाबरतात ते उगाच नाही. २०२३ च्या युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेत फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं, की याच सोयीतून पान खंडणी मागणारा व्हायरस होऊ शकतं. 'फोटो एडिट करून देतो, फोल्डर दाखवा' म्हणायचं आणि मग त्यातल्या सगळ्या फाइली कुलूपबंद करायच्या. काही इन्स्टॉल केलेलं नाही, लिहिणारा ब्राउझर सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे संशय यायला जागा कमी.

हे वाचल्यावर मी बाबांच्या पानात फोल्डर मागितलंच नाही, फक्त एक फाइल मागते. 'उधारी' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ती एकटीच असते. पान मी एका फुकटच्या होस्टिंगवर ठेवलंय. पान तिथून येतं, हिशोब दुकानाबाहेर जात नाही. बाबांनी हेही विचारलंच, 'पण पान तुझंच आहे ना? मग रोज का विचारतो?' मी सांगितलं, 'बाबा, आज ते माझं आहे. उद्या माझा पासवर्ड कोणी चोरला तर त्याच पत्त्यावर त्याचं पान असेल. दिसायला अगदी तसंच. तुम्हाला कळणार नाही, ब्राउझरलाही कळणार नाही.' माझ्याच पानावर विश्वास ठेवू नका असं माझ्याच बाबांना सांगताना जरा विचित्र वाटलं, पण खरं तेच होतं.

२०२४ पासून क्रोमच्या त्या प्रश्नात आणखी एक पर्याय आलाय, 'दर भेटीला परवानगी'. तो दाबला की रोजची कटकट संपते. मी बाबांना दोन्ही पर्याय समजावले आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं. त्यांनी 'या वेळेपुरती' निवडलं. म्हणाले, 'उधारीसुद्धा मी एका वेळेचीच देतो. कायमची उघडी ठेवली की माणूस बिघडतो.' आता रोज सकाळी देवाला उदबत्ती लावून झाली की ते फाइलवर बोट ठेवतात. रात्री पेनड्राइव्हवर कॉपी घेतात. लाल वहीही चालू आहे बरं का. बाबांचा भरवसा हप्त्याहप्त्याने बसतो.

आता हॉस्टेलकरांसाठी चार शब्द. ही भिंत फक्त ब्राउझरच्या आतली आहे. तुम्ही डाउनलोड करून चालवलेल्या प्रोग्रॅमला ती लागू नाही, मग तो क्रॅक केलेला गेम असो की असाइनमेंट लिहून देणारं सॉफ्टवेअर. तो तुमच्या नावाने सगळं वाचू शकतो. आणि कॉलेजच्या गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तर भिंतीचा प्रश्नच नाही. स्कॉलरशिपच्या दिवसांत तिथल्या डेस्कटॉपवर अर्ध्या वर्गाचे दाखले उघडे पडलेले असतात. प्रिंट काढली की आपली फाइल डिलीट करायला आणि ईमेलमधून लॉग-आउट करायला एक मिनिट लागतं. आणि कुठल्याही पानाने फाइलऐवजी फोल्डर मागितलं, तर 'एवढं कशाला?' असं एकदा तरी विचारा.

अजून दीड वर्षाने आपण इथून बाहेर पडू आणि आपण लिहिलेली पानं लोकांच्या कॉम्प्युटरवर जाऊन चालू लागतील. कुणाच्या दुकानात, कुणाच्या दवाखान्यात, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसांकडे. त्या घरांमध्ये अनोळखी पाहुणे आपणच असू. तेव्हा ब्राउझरने अडवलं तर वैतागण्याआधी बघावं, की कामाला नोट लागतेय की आपण गल्ल्याची किल्ली मागतोय. नोट पुरत असेल तर नोटच मागावी.

टी. ई. (कॉम्प्युटर), लेडीज हॉस्टेल